एक स्टार की दोन?

सदर : पलटण आणि घर

(वाचकांच्या घरातल्या जुन्या फौजी फोटोंविषयी, मेडलांविषयी आणि कागदांविषयीच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. सदरलेखक बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसात नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सध्या कोल्हापुरात राहतात.)

प्रश्न : माझे आजेसासरे पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. आमच्या घरी पुठ्ठ्यावर चिकटवलेला त्यांचा लहान फोटो आहे. चुलत दिरांच्या घरी त्याच पोझचा मोठा, रंगवलेला फोटो आहे. आमच्या फोटोत खांद्यावर एक स्टार आहे, त्यांच्या फोटोत दोन. दीर म्हणतात, आजोबा सुभेदार. भाचा म्हणतो, कमरेला साहेबी पट्टा आणि तलवार आहे म्हणजे कॅप्टनच. छातीवर तीन मेडलं आहेत. गावच्या वेशीजवळ माजी सैनिकांच्या नावांचा फलक बसतोय. त्यावर काय कोरायचं, यावरून घरात बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे. दोन्ही फोटोंचे फोटो मोबाइलवर काढून पाठवले आहेत.
— एक वाचक, आजरा तालुका

उत्तर : ताई, आधी भाच्याचं बघू, कारण ते सोपं आहे. कमरेचा रुंद चामडी पट्टा आणि उजव्या खांद्यावरून तिरका खाली येणारा दुसरा पट्टा, याला सॅम ब्राऊन म्हणतात. ब्राऊनसाहेब हिंदुस्थानी रिसाल्यातला. १८५८ साली लढाईत त्याचा डावा हात गेला आणि एका हातानं तलवार उपसता यावी म्हणून त्यानं हा पट्टा वापरात आणला, असं सांगतात. तो फक्त गोऱ्या साहेबांचा नव्हता. आपले जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर हे सगळे तो पट्टा आणि तलवार लावत. त्यामुळे पट्ट्यावरून एवढंच ठरतं, की आजोबा शिपाई, नाईक किंवा हवालदार राहिलेले नव्हते, त्याच्या वर गेले होते. घराण्याला अभिमान वाटायला तेवढंही पुष्कळ आहे. खेड्यातला पोरगा शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर पोचायला त्या काळी पंधरा-वीस वर्षं सहज जायची.

आता खांदा. त्या वेळच्या हिंदी पायदळात बाहीवर एक फीत म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. तिथून पुढे चिन्ह बाहीवरून खांद्यावर जातं. एक स्टार जमादार, दोन स्टार सुभेदार, आणि मुकुट असेल तर सुभेदार मेजर. घोडदळात सुभेदाराच्या जागी रिसालदार आणि हवालदाराच्या जागी दफेदार, पण खुणा बहुतेक याच. जमादार हा हुद्दा आज फौजेत नाही. १९६५ पासून त्याला नायब सुभेदार म्हणतात. गावाकडे जमादार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही येतं, म्हणून कितीतरी घरांनी आपल्या जमादार आजोबांना परस्पर सुभेदार करून टाकलंय. रेकॉर्डात असताना पेन्शनीच्या अर्जांवर मी हे सारखं बघायचो. अर्जात सुभेदार आणि लाँग रोलला, म्हणजे पलटणीच्या नोंदवहीत, जमादार.

कॅप्टनला तीन स्टार लागतात, म्हणजे भाच्याचा दावा तिथंच संपला. पण एक स्टार सेकंड लेफ्टनंटलाही असतो, तेव्हा ती शंका फेडून टाकू. लष्करी डॉक्टर सोडले तर १९१७ पर्यंत हिंदी माणसाला राजाचं कमिशन, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या बरोबरीची अधिकाऱ्याची नेमणूक, मिळायची वाट जवळजवळ बंदच होती. त्यानंतर इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी कॉलेजात वर्षाला दहा जागा ठेवल्या, त्याही संस्थानिकांच्या आणि बड्या घरच्या मुलांना. डेहराडूनची लष्करी अकॅडमी निघाली १९३२ साली. आजरा तालुक्यातला, फोटोवरून चाळिशीचा दिसणारा, मराठा पलटणीतला माणूस त्या वेळी एक स्टार लावून उभा असेल, तर तो जमादारच.

खरा घोळ दोन फोटोंचा आहे. मी दोन्ही चित्रं कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी ठेवून बघितली. पागोट्याचे पेच दोन्हीकडे तेच. डाव्या गुडघ्याजवळ अंगरख्याला पडलेली सुरकुती तीच. मागच्या पडद्यावरच्या रंगवलेल्या खांबाला आजोबांचं कोपर जिथं लागलंय, तेही तसंच. माणूस दोनदा फोटो काढून घेईल, पण दोन्ही वेळा सुरकुती एकाच जागी कशी पडेल? म्हणजे फोटो एकच. दिरांकडचा त्यावरून मोठा करून नंतर रंगवून घेतलेला आहे.

कोल्हापुरात चित्रकारांना कधी तोटा नव्हता. फोटो मोठा करायचा, त्यावर ब्रश फिरवायचा, गाल गुलाबी करायचे, मेडलांच्या फितीला रंग द्यायचे, हा इथला जुना धंदा. रंगवणाऱ्याला मूळ रंग ठाऊक नसत. त्या काळच्या बऱ्याच काचेच्या प्लेटवर लाल रंग काळपट उमटायचा आणि निळा पांढुरका, त्यामुळे अंदाजही चुकायचा. पण खांद्यावरचा दुसरा स्टार हा रंगाचा अंदाज नव्हे. दिरांकडच्या फोटोत भिंग लावून बघा. आतल्या बाजूच्या स्टारला खाली बारीक सावली आहे, कारण तो खरा पितळी स्टार होता आणि प्रकाश डावीकडून येत होता. बाहेरच्या स्टारला सावली नाही. तो ब्रशनं काढलेला आहे. टोकंही वेगळी आहेत. खरा स्टार चौकोनी, चार ठळक टोकांचा असतो. चित्रकारानं आकाशातली चांदणी काढलीय, पाच टोकांची.

मग दीर खोटं बोलतात का? नाही. चित्रकार आपल्या मनानं बढती देत नाही, गिऱ्हाईक सांगेल तेच काढतो. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, की आजोबा पुढे सुभेदार झाले, एक स्टार वाढवा. ते सांगणारा खरं बोलत होता की घराची शान वाढवत होता, हे फोटो सांगू शकत नाही. फोटोत फक्त त्या दिवशीचा हुद्दा असतो. माणूस त्यानंतर दहा वर्षं नोकरी करून दोन पायऱ्या चढला असेल, तर फोटोला त्याचा पत्ता नसतो.

तो दिवस कधीचा, हे मात्र काढता येतं. तीन मेडलांपैकी पहिलं चांदणीच्या आकाराचं, दुसरं गोल आणि सरळ आडव्या दांडीला लटकलेलं, तिसरं गोल आणि कडीला अडकवलेलं. हे १९१४-१५ चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. रंग दिसले नाहीत तरी कडी आणि दांडीवरून ओळख पटते. हे स्टार मेडल आहे म्हणजे आजोबा १९१५ संपायच्या आत परदेशच्या आघाडीवर पोचले होते. व्हिक्टरी मेडल युद्ध संपल्यावर निघालं, १९१९ साली, आणि हातात पडायला आणखी वेळ गेला. म्हणजे फोटो १९२० च्या आधीचा नाही. आता खांद्याच्या पट्टीच्या टोकाला पितळी आकडे आहेत बघा. मला पहिले दोन एक आणि एक वाटतात, तिसरा चकाकीत गेलाय. १९२२ साली सगळ्या पलटणींचे आकडे बदलले आणि आपल्या मराठा पलटणींची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. एकशे तीनची पहिली बटालियन, एकशे पाचची दुसरी, एकशे दहाची तिसरी, एकशे सोळाची चौथी, एकशे सतराची पाचवी, आणि एकशे चौदाची दहावी म्हणजे ट्रेनिंगची. जुना तीन आकडी बिल्ला खांद्यावर आहे म्हणजे फोटो साधारण १९२० ते १९२२ मधला.

तिसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण त्यावर सगळा इतिहास फिरतो. शून्य किंवा सात निघाला, म्हणजे पलटण एकशे दहा किंवा एकशे सतरा असली, तर त्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या. या दोन्हींखेरीज तिथं आणखी एक मराठा पलटण होती, ती एकशे तीन. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि आतली फौज तुर्कांच्या कैदेत गेली. पण त्यावरून आजोबाही कैदेत होते असं लगेच ठरवू नका. प्रत्येक पलटणीची माणसं आजारी पडून, जखमी होऊन बसऱ्याला किंवा मुंबईला परत येत होती, आणि वेढ्याबाहेर नवीन भरतीच्या तुकड्याही होत्या.

म्हणून कामं अशी करा. लहान फोटोवर काच असेल तर हात लावायच्या आधी बघा, फोटो काचेला चिकटलाय का. चिकटला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवर राहील. काचेवर गंध लावलंय ते ओल्या फडक्यानं पुसताना पाणी आत जाऊ देऊ नका. मोबाइलचा फ्लॅश बंद करून, खिडकीशी तिरप्या उजेडात खांद्याचा जवळून फोटो काढा. नाहीतर राजारामपुरीत किंवा गडहिंग्लजला कुठंही बाराशे डीपीआयवर स्कॅन करून मिळेल. पुठ्ठ्याच्या मागे काही लिहिलंय का तेही बघा. फोटोवाल्याच्या शिक्क्यापेक्षा पेन्सिलीनं खरडलेलं कामाचं असतं.

त्याहून मोठं काम मेडलांचं. ती कुणाकडे आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. घरात असतील तर गोल मेडलांच्या कडेवर आणि स्टारच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. वर्षानुवर्षं दसऱ्याला चिंच-मिठानं घासून कडा गुळगुळीत केल्या नसतील तर अक्षरं वाचता येतील. आता तरी घासू नका. कडेवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली की अक्षरं उमटतात. स्टारवर एक हुद्दा आणि गोल मेडलावर दुसरा असं निघालं तर घाबरू नका. स्टारवर आघाडीवर गेला तेव्हाचा आणि दुसऱ्यावर नंतरचा हुद्दा असू शकतो. तसं निघालं तर दोन्ही लिहून ठेवा, चढतीचा पुरावाच मिळाला.

आणि एक गोष्ट दिरांच्या बाजूची. इंडियन आर्मी लिस्ट नावाची सरकारी यादी छापली जायची. तिच्यात प्रत्येक पलटणीखाली हिंदी अधिकाऱ्यांची म्हणजे सुभेदार मेजर, सुभेदार आणि जमादार यांची नावं, हुद्दा मिळाल्याच्या तारखेसकट असत. हवालदाराचं नाव तिच्यात सापडणार नाही, पण जमादाराचं सापडायला हवं. जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रती नेटवर आहेत. पलटणीचा आकडा कळला की १९२१ पासून पुढची वर्षं उघडत जा. आजोबांचं नाव जमादारांतून निघून सुभेदारांत गेलं असेल तर दिरांचा रंगवलेला स्टार खरा. नावाचं इंग्रजी लिहिणं साहेबाच्या कानाला लागलं तसं असतं, तेव्हा आडनावावर अडून बसू नका. बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला नाव, नंबर, गाव, बापाचं नाव देऊन पत्रही टाका. एवढ्या जुन्या शीट रोल, म्हणजे शिपायाच्या नोकरीचे कागद, सगळ्या उरलेल्या असतीलच असं नाही, पण पेन्शन कुणी शेवटपर्यंत घेतलं असेल तर माग लागायची शक्यता असते.

फलकाचं म्हणाल, तर कोरणाऱ्याला आजोबांची ओळ सगळ्यात शेवटी घ्यायला सांगा. दगडावरचा हुद्दा पुन्हा बदलता येत नाही. तोवर वाट बघायची नसेल तर जमादार कोरा. तेवढ्याला पुरावा आज तुमच्या हातात आहे.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या फोटोत मेडलं उजव्या छातीवर आहेत. घरात म्हणतात ते डावखुरे होते. बाहीवर तीन फिती आहेत आणि मनगटाजवळ उलट्या दिशेच्या आणखी दोन. म्हणजे पाच फितींचा काही हुद्दा होता का?
— एक वाचक, कागल

उत्तर : पाच फितींचा हुद्दा नव्हता. दंडावरच्या, टोक खाली असलेल्या तीन फिती हवालदाराच्या. मनगटाजवळच्या, टोक वर असलेल्या लहान फितींचा हुद्द्याशी संबंध नाही. त्या चांगल्या वर्तणुकीच्या किंवा परदेशी नोकरीच्या असतात. आपल्याकडे सगळ्या फिती मिळून मोजायची सवय आहे.

डावखुरेपणाचं मात्र पटत नाही. फौज कुणाला सोयीप्रमाणे मेडल लावू देत नाही. कोटाची बटणं बघा. पुरुषाच्या कोटात डावी बाजू वर येते. फोटोत उजवी वर असेल तर छापताना निगेटिव्ह उलटी पडलीय. आरशात धरून बघा, सगळं सरळ होईल. खांद्यावरचे आकडेही तेव्हाच वाचता येतील. आणि बटणं सरळ असूनही मेडलं उजवीकडेच असतील, तर ती पणजोबांची नव्हेत. वारलेल्या बापाची किंवा भावाची मेडलं वारस उजव्या बाजूला लावतात. तसं असेल तर फोटोतला माणूस कोण, इथून सुरुवात करावी लागेल.

प्रश्न : माझे आजोबा कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये कॅप्टन होते, फोटोत तीन स्टार स्पष्ट आहेत. एका जाणकारांनी सांगितलं, की इंग्रज अधिकाऱ्यांच्या यादीत नाव नाही, म्हणजे ते कॅप्टन नव्हतेच. खरं काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : जाणकारांनी चुकीच्या दारावर टकटक केलीय. राजाराम रायफल्स ही छत्रपतींची फौज. तिच्या अधिकाऱ्यांचं कमिशन महाराजांचं, इंग्लंडच्या राजाचं नव्हे. हुद्द्यांची नावं आणि खांद्यावरच्या खुणा इंग्रजी फौजेच्याच धर्तीवर, पण यादी वेगळी. तुमचे आजोबा तीन स्टार लावत होते म्हणजे ते संस्थानचे कॅप्टनच. बटणं आणि डोक्यावरचा बिल्ला भिंगातून बघा, तिथं संस्थानची खूण मिळायला हवी.

कागद शोधायचे तर आधी आपल्याच गावात, कोल्हापूरच्या पुरालेखागारात. दरबारच्या हुकमांत आणि लष्करी खात्याच्या दफ्तरात नेमणुका असतात, आणि जुनं दफ्तर मोडी लिपीत असलं तर ती वाचणारा माणूस सोबत न्या. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीची एकोणिसावी बटालियन झाली. आजोबा त्यानंतरही नोकरीत असतील तर पुढचा कागद बेळगावकडे असेल. विलीनीकरणात काहींचे हुद्दे खाली आले, काही घरी बसले. त्यामुळे पेन्शनच्या कागदावर कॅप्टनपेक्षा लहान हुद्दा दिसला तर आजोबांनी थाप मारली असं समजू नका. आणि फोटो एकदा टाऊन हॉलच्या म्युझियमवाल्यांना दाखवून ठेवा. संस्थानी फौजेचे, नाव लिहिलेले फोटो फार थोडे उरलेत.

प्रश्न : आमच्या देवघराशेजारी काशाची मोठी गोल थाळी आहे. बाई, सिंह आणि आमच्या पणजोबांचे भाऊ यांचं नाव इंग्रजीत. हुद्दा काहीच नाही. ते साधे शिपाई होते म्हणून लिहिला नाही का?
— एक वाचक, राधानगरी

उत्तर : नाही हो. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी आली होती, आणि हुद्दा कुणाच्याच थाळीवर नाही. जनरल असो की शिपाई, नुसतं नाव. मेल्यावर सगळे सारखे, असं मुद्दाम ठरवून केलेलं. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं प्रतीक. इंग्रज या थाळीला मेल्या माणसाचा पैसा म्हणायचे.

हुद्दा हवा असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी बघा, नेटवर फुकट आहेत. नोंदीत नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि बऱ्याचदा बापाचं नाव नि गावही असतं. आडनावानं शोधून सापडलं नाही तर पलटण आणि वर्ष घालून यादी काढा आणि त्यात गावाचं नाव धुंडा. राधानगरी हे नाव नवं आहे, तेव्हा वळिवडे नावानंही शोधा. मेसोपोटेमियात गेलेले असतील तर त्यांचं स्मारक बसऱ्याचं. तिथल्या दगडावर नाव शोधायला गेलात तर सापडायचं नाही. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा लिहिला. त्यांची नावं कमिशनच्या वहीत आहेत, तेव्हा वहीतच शोधा.